नानांची सोयरीक

सोयरिकी जुळवणारे नाना गावोगाव सापडतात. आमच्या शिरगावचे नाना मात्र उसाच्या सोयरिकी तोंडपाठ सांगतात. नोकरी कृषी खात्यात, तीही फलटणकडे. निवृत्तीनंतर नारळीच्या वाडीत परतले खरे, पण जीव पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातच राहिला.

पालघर स्टेशनाबाहेरच्या रसवंतीवर नाना आले की मागची गिऱ्हाइकं सुस्कारा सोडतात. आलं-लिंबू घालून दुमडलेलं कांडं चरकात जायच्या आत ते ओढून घेतात, चष्मा कपाळावर सारून त्याचा डोळा निरखतात आणि विचारतात,

"हा कुणाचा?"

"आपलाच, काका. रोख घेतलाय."

"तसं नव्हे रे. आईबाप कोण?"

मग उत्तर स्वतःच देतात. "८६०३२ दिसतो. आई को ६२१९८, बाप कोसी ६७१. घरंदाज!" घुंगरं थांबतात, नाना थांबत नाहीत. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी रसाळ पण नाजूक उसाचं लग्न चक्क रानटी काश गवताशी लावलं. १९१८ साली त्यांचा को २०५ शेतात उतरला: गोडी उसाची, काटकपणा गवताचा. आपल्याकडची असली लग्नं आंबोलीत लागतात, कारण तिथल्या हवेत उसाला तुरा धरतो. वसंतदादा इन्स्टिट्यूटचं केंद्र तिथं आहे ते त्यासाठीच.

"आपण लावतो कांड्या," नाना बजावतात, "म्हणजे अख्ख्या शेतात एकच ऊस! एकाला लाल कूज लागली की सगळे आडवे. म्हणून कुळं निरनिराळी हवीत. रानटी नातलगसुद्धा जपावे लागतात. कन्नूरला हजारो वाण उगाच सांभाळलेत का?"

गेल्या वर्षी थोरल्या नातवानं सांगलीकडची, परजातीतली मुलगी पसंत केली. नानांनी ताट सारलं. "केळवे, माहीम, शिरगाव, एवढ्यात मुली संपल्या?"

माई भात वाढता वाढता म्हणाल्या, "मग काय, घराला लाल कूज लागू द्यायची?"

लग्न पालघरलाच झालं. नाना मांडवात तासभर घुश्श्यात बसले. मग व्याह्यांना बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, की ऊस किती एकर आणि वाण कुठला.