गंधकाची मोजणी

हापूसच्या मोहोरावर भुरी आली की औषधांत गंधक आलंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातही ते आहे: पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. आमची धामापुरातली कलमं जेमतेम, पण वाचन दांडगं. कणाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाच्या भुकटीचं पृष्ठफळ दुप्पट होतं, म्हणून बारीक गंधक जास्त लागू पडतं. तेव्हा मी आणलेली स्वस्त भुकटी मोजल्याशिवाय मारायची नाही, असं गड्याला बजावलं.

"मोजा," तो म्हणाला. "भुरी काय थांबाची नाय."

२०० मेशच्या चाळणीचं छिद्र ७५ मायक्रॉनचं. ती कुठली असायला? घरात मैद्याची होती. पण गंधक घासलं की त्यात वीज भरते आणि ते चाळणीलाच चिकटतं. सतराव्या शतकात जर्मनीच्या ग्वेरिकने गंधकाचाच गोळा घासून हलक्या वस्तू ओढून दाखवल्या होत्या. आमच्याकडे ठिणगी पडली ती स्वयंपाकघरात, चाळण पिवळी झालेली दिसल्यावर.

मग फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ शान्सेल आठवला. तिकडे द्राक्षांवर भुरी आली त्या काळात त्याने गंधकाचा बारीकपणा मोजायला १०० अंशांच्या खुणांची काचनळी काढली. ५ ग्रॅम गंधक, वर ईथर, हलवायचं आणि बसू द्यायचं. बारीक गंधक फुगून बसतं, आकडा वर जातो. नळीऐवजी मी नातवाची जुनी दुधाची बाटली घेतली, मोजायला लेकीच्या उष्टावणातला चांदीचा चमचा आणि ईथरऐवजी तलावाचं पाणी. नागेश देसायांनी १५३० साली बांधलेला, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा ठरलेला, भगवतीच्या पायाशी पसरलेला तलाव! त्या खानदानी पाण्यातही गंधक बुडेना. पाण्याच्या दुप्पट जड, पण भिजायलाच तयार नाही. म्हणून तर फवारणीच्या गंधकात ते भिजवणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात.

शेवटी गोव्याची फेणी ओतली. भुकटी मुकाट खाली गेली. खुणा वाचायला बाटली डोळ्यांसमोर धरली, तेवढ्यात शेजारचे काका कुंपणाशी थबकले.

"मास्तरानू, पिवची तर गेलासातून पिया."

आकडा मिळाला ३०. तो चांगला की वाईट, हे ठरवायला तुलनेसाठी दुसरं गंधक लागणार होतं. ते गड्याने केव्हाच आणलं होतं. बादलीत चिमूट टाकली, दुधासारखी पसरली, गुठळी नाही. एवढं बघून त्याने अर्धी बाग उरकलीसुद्धा.

मी चिंच घेऊन चमचा घासत बसलो. गंधक लागलं की चांदी काळी पडते, हे बायकोने मला बऱ्याच मोठ्या आवाजात समजावलं होतं.