बिनगाडीची माणसं लॉस एंजेलिसमध्ये

लॉस एंजेलिस,
नाताळची सुट्टी

ती. आई-बाबांस,


हे सगळं फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणून सुटतात आणि आई शेवटपर्यंत "जेवलात का?" एवढंच विचारते. आई, जेवलो. कुठे, कसे आणि कुणाच्या कृपेनं, ते सांगायलाच हे पत्र.

घरून, एडिसनहून निघताना ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. लॉस एंजेलिसला जाताय आणि गाडी भाड्यानं घेत नाही? तुमच्या जावयांनी कागदावर हिशेब मांडला होता : गाडीचं भाडं, विमा, ओवी-चिकू या पोरांच्या दोन खुर्च्या आणि वर हॉटेलात गाडी रात्रभर उभी करायचे पन्नासेक डॉलर. "झोपणार गाडी आणि पैसे भरणार मी?" असं म्हणून त्यांनी कागद चुरगळला. बाबा, तुमचं आणि जावयाचं एवढं का जमतं, ते मला त्या दिवशी समजलं.

इथे 'टॅप' नावाचं कार्ड मिळतं. बसला, मेट्रोला, सगळीकडे तेच टेकवायचं. तिकीट पावणेदोन डॉलर, त्यात दोन तासांपर्यंत गाड्या बदलायला मुभा. दिवसभरात पाच डॉलर कापले गेले की पुढचा प्रवास फुकट. हा नियम कळल्यापासून जावईबापूंना तहानभूक राहिली नाही. एका दुपारी पाच डॉलर भरले म्हणून काही काम नसताना आम्हाला दोन स्टेशनं पुढे नेऊन परत आणलं. "आता सरकारच्या खर्चानं," म्हणाले. बाबा, डेपोत कंट्रोलर म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसानं अशा प्रवाशाबद्दल काय म्हटलं असतं, ते कळवावं.

गंमत अशी की गाड्यांचं म्हणून मिरवणाऱ्या या शहरात शंभर वर्षांपूर्वी रुळांवरून विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं हजार मैलांहून मोठं जाळं होतं. 'पॅसिफिक इलेक्ट्रिक'च्या त्या गाड्या. रंग लाल, बाबा! त्यातली शेवटची, लाँग बीचची, १९६१ साली बंद केली. मग १९९० साली पुन्हा लाँग बीचलाच जाणारी मेट्रो सुरू केली, तीही बरीचशी त्याच जुन्या वाटेनं. आधी उखडायचं आणि मग दामदुप्पट खर्चून तिथेच घालायचं, हे फक्त आपल्या नगरपालिकेला जमतं असा माझा समज होता.

चालणं हा मात्र इथे संशयास्पद प्रकार आहे. फुटपाथ आहेत, ऐसपैस आहेत, पण त्यावर आपण आणि आपली सावली. सिग्नलला खांबावरचं बटण दाबलं की आतून एक दरडावणारा आवाज येतो : "वेट! वेट!" चिकूनं तो आवाज इतका हुबेहूब उचललाय की आता बाथरूमचं दार वाजवलं की आतून तेच उत्तर येतं. रस्ता मध्येच ओलांडला तर पूर्वी इथे दंड व्हायचा. २०२३पासून नवा कायदा झाला : गाडी अंगावर येत नसेल तर पोलिसांनी पायी माणसाला अडवायचं नाही. आपण जन्मतःच घेऊन येतो तो हक्क यांनी विधेयक मांडून मिळवला.

आता जेवण. मी आणि ओवी शाकाहारी, बाकीचे दोघे सर्वभक्षी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मेक्सिकन जेवण म्हणजे मक्याची पोळी आणि राजमा, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्याच ठिकाणी सहज चौकशी केली, तर घोटलेल्या राजम्याला फोडणी डुकराच्या चरबीची निघाली. सगळीकडे तसं नसतं, पण तेव्हापासून विचारल्याशिवाय घास नाही. ग्रँड सेंट्रल मार्केट म्हणून १९१७ सालची एक जुनी मंडई आहे, तिथे निवडुंगाच्या काटे काढलेल्या पानांची भाजी मिळाली. चव गवारीची, बुळबुळीतपणा भेंडीचा. शेताच्या बांधावर एवढा निवडुंग उभा, आणि आपण तो कधी चाखला नाही.

खरं पोट भरलं ते बसस्टॉपवर. स्टॉपच्या शेजारी सप्तरंगी छत्री आणि तिच्याखाली काचेची पेटी घेऊन फळवाल्या उभ्या असतात. बर्फावर रचलेले आंबे, काकड्या, कलिंगड, अननस, आणि हिकामा नावाचा पांढराशुभ्र कंद, कच्च्या रताळ्याइतका करकरीत. बाईनं आंबा तळहातावर धरला आणि पाटाबिटाची गरज न लागता सुरीनं त्याच्या उभ्या फोडी पाडल्या. दोन लिंबं पिळली, मीठ भुरभुरलं. मग तिखटाचा डबा उचलून माझ्याकडे बघत भुवया उडवल्या. मी मान हलवली. तिनं गोऱ्या माणसाच्या बेतानं चिमूटभर टाकलं. मी हललेच नाही. तिनं आणखी टाकलं. ओवी म्हणाली, "अजून." चक्क मराठीत. बाईला बरोबर कळलं, आणि तिनं डबा सरळ उपडा केला. तेवढ्यात बस आली, आम्ही सोडली. पुढची वीस मिनिटांनी होती. फळं संपायला तितकीच लागली.

अशी हातगाडी फुटपाथवर लावायला कॅलिफोर्नियाभर कायद्यानं मुभा मिळाली ती २०१९ साली. त्याआधी या शहरात गाडी उचलून नेत असत. हा खेळ तुम्हाला मी काय सांगावा! एक मात्र माझ्या लक्षात आलं. इथल्या भल्या भल्या हॉटेलांत भांडी घासणारे, खोल्या झाडणारे लोक याच बसनं जातात, आणि या छत्र्या त्यांच्या वाटेवर आहेत. मोटारीतल्या माणसाला त्या दिसतात, पण ताशी साठ मैलांनी.

मोटारवाल्यांची सोय वेगळी, आणि ती आम्हाला फार महागात पडली असती. ग्रिफिथ वेधशाळा बघून (१९३५ सालची, प्रवेश फुकट, त्यामुळे जावई दोनदा आत जाऊन आले) आम्ही शेवटच्या बसनं खाली उतरलो. पोरं भुकेनं कावलेली. समोर एक बर्गरवाला, दिवे लखलखीत, दाराला कुलूप. रात्री फक्त गाडीच्या खिडकीतून मिळेल. आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो : पुढे जीप, मागे ट्रक, मध्ये आम्ही, चिकू तोंडानं इंजिनाचा आवाज काढतोय. खिडकीतला मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "सॉरी, गाडी लागते." मी म्हटलं, भूक माणसांना आहे. त्याला पटलं, पण नियमाला पटलं नाही. शेवटी मागचा ट्रकवाला खाली उतरला, काय हवं ते विचारून गेला आणि स्वतःच्या नावावर सगळं घेऊन आम्हाला खिडकीतून काढून दिलं. माझा बर्गर बिनमांसाचा, म्हणजे पावात कांदा-टोमॅटो. पैसे घेईना. जावयांनी बळेबळेच नोटा त्याच्या सीटवर टाकल्या. हिशेबात ही रक्कम त्यांनी 'वाहन भाडे' या खात्यावर लिहिली आहे.

शेवटी आपलं जेवण आठवायला लागलं म्हणून आर्टिशियाला गेलो. तिथल्या पायोनियर रस्त्यावर साड्या, सोनं, फरसाण, सगळं आहे. गाडीनं अर्ध्यापाऊण तासाचं अंतर, आम्हाला दोन मेट्रो आणि एक बस मिळून दोन तास लागले. गाडी बदलायचं स्टेशन भर महामार्गाच्या मधोमध! दोन्ही बाजूंनी मोटारी सुसाटत होत्या आणि आम्ही मधल्या पट्टीवर डबा उघडून बसलो. त्या स्टेशनाला रोझा पार्क्सचं नाव आहे, १९५५ साली बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्या बाईंचं. बाबा, आपल्याकडे बसमधल्या जागेवरून रोज भांडणं होतात, स्टेशन कुणाच्या नावाचं झालं नाही.

आर्टिशियात वडापाव मिळाला. वडा फक्कड, पाव गोड, लसणीची चटणी नाव लावण्यापुरती. तरी चिकूनं तीन खाल्ले आणि परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर घोरला. उतरताना इथे प्रत्येक जण ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणतो. ओवीनं म्हटलं, मी म्हटलं, जावयांनी कार्डावरची शिल्लक बघत म्हटलं.

आई, आत्या मार्चमध्ये येतेय, तिच्याबरोबर लसणीची चटणी पाठव. सामानात जागा कमी पडली तर लोणचं राहू दे, चटणी पाठवच. आणि बाबा, उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात की इकडे यायचं ठरलंय. गाडी घेऊ का, असं मी विचारलं. जावई म्हणतात, सासरेबुवांना विचार, पण त्यांच्याकडे बसचं वेळापत्रक आधी पाठव. सोबत जोडलं आहे.

तुमची,
माई