पुरौनीवाले काका

हे काका तुम्हाला भेटले असतीलच. नसतील, तर रायपूरच्या गोल बाजारात मसाल्याच्या दुकानापाशी जरा उभे राहा. धने तोलून झाले की मागून आवाज येतो, "अउ पुरौनी?" दुकानदार मुकाट्याने वर एक मूठ टाकतो. ती पिशवीत पडल्याशिवाय काकांच्या लेखी व्यवहार पुरा होत नाही. धन्यांवर पुरौनी एक वेळ ठीक. पण या गृहस्थांना कुलपावर जादा किल्ली नव्हे, जादा कुलूप मागताना मी ऐकलंय.

दुर्दैवाने हेच काका एका खासगी इस्पितळाचे प्रशासक आहेत आणि फार्मासिस्टच्या मुलाखती तेच घेतात. सकाळी बोलावलेल्या मला त्यांनी जेवणानंतर आत घेतलं.

"तात्यापाऱ्यातला का तू? मग आपलाच!"

आपलाच म्हटलं की पगार उतरणार, हे रायपूरच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

"औषधं देशील, ते झालंच. वर बिलिंग?"

"येतं."

"वर स्टोअर?"

"शिकेन."

"आणि रात्री कधीकधी अँब्युलन्सचा ड्रायव्हर दांडी मारतो…"

मी 1948चा फार्मसी कायदा काढला. कलम 42 प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. मी गाडीवर गेलो, तर खिडकीवर कोण?

"तुझं प्रमाणपत्र! ते भिंतीवर चोवीस तास असतं. त्याला कुठे जेवायला जायचंय?"

माझा चेहरा पाहून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, डीकेएस इस्पितळ होतं. 2000 साली राज्य झालं, तिथे मंत्रालय बसलं. 2018मध्ये परत इस्पितळ. इमारत कुरकुरली का? तू तर शिकलेला माणूस."

मग त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. मी म्हटलं, "अउ पुरौनी?"

"नोकरीत पुरौनी नसते," काका दुखावून म्हणाले.

बाहेर शिपायाने सांगितलं ते वेगळंच. काका मुळात स्टोअरकीपर. प्रशासकाची पाटी मालकांनी वरून चिकटवली, पगार मात्र स्टोअरकीपरचाच राहिला. शिवाय गोल बाजारातून दहा चादरींवर भांडून आणलेली अकरावी चादर स्टॉक रजिस्टरात कधी चढत नाही. ती गरियाबंदकडून आलेल्या एखाद्या रोग्याच्या, व्हरांड्यात झोपलेल्या म्हातारीच्या अंगावर असते. माणसावर धड रागावूही देत नाहीत हे लोक.

नोकरी मी घेतली नाही. परवा काकांचा फोन आला.

"जागा अजून रिकामी आहे, तुझ्यासाठीच ठेवलीय. आणि काय रे, तुझी धाकटी बहीण नर्सिंगला आहे ना?"