समुद्रसपाटीपासून उंची

क्रूझवर गेलेला नागपूरचा कुटुंबवत्सल गृहस्थ जहाजावर सहसा ओळखू येत नाही. तिथे तो चारचौघांसारखा बुफेच्या रांगेत उभा असतो आणि फार तर पोह्यांजवळ थबकून तर्री कुठे ठेवली आहे याची चौकशी करतो. त्याची खरी लक्षणे जहाज बंदराला लागल्यावर दिसतात. मुंबईहून संध्याकाळी निघालेले जहाज सकाळी गोव्याच्या मुरगाव बंदरात उभे राहते, प्रवाशांना काही तासांसाठी खाली सोडले जाते, आणि एवढ्या अवधीत हा मनुष्य सबंध उलगडतो. त्याच्यासोबत एक पत्नी, एक आजी, एक सात वर्षांचा मुलगा, एक चार वर्षांची मुलगी आणि एक फाइल असते.

समुद्राशी त्याच्या गावाचा अधिकृत संबंध एवढाच, की रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती तीनशे मीटरच्या वर भरते. पाण्याच्या बाबतीत त्याची सगळी मापे फुटाळा आणि अंबाझरी या तलावांवर बेतलेली असतात. पावसाळ्यात अंबाझरीचा ओव्हरफ्लो पाहायला सहकुटुंब जाणे आणि येताना भुट्टा खाणे, हा त्याचा जलपर्यटनाचा पूर्वानुभव. त्यामुळे पहिल्यांदा चहूकडे अरबी समुद्र पसरलेला दिसला, की तो थोडा वेळ गप्प होतो आणि मग "ओव्हरफ्लो नाही होत का हो हा?" असे शेजारच्याला विचारतो. शेजारचा पुण्याचा असल्यास उत्तर मिळत नाही.

मुंबईपर्यंत तो पूर्वी रात्रीच्या गाडीने येई. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरता खुला झाल्यापासून तो स्वतःची गाडी काढतो आणि किती तासांत पोचलो हे जहाजावर भेटेल त्याला सांगतो. समोरचा वेळ ऐकून थक्क झाला, की पुढच्या माणसाला सांगताना त्यातून अर्धा तास आणखी कमी होतो.

बंदरावरच्या दिवसाची बीजे आदल्या रात्रीच पेरली जातात. जहाजाकडून मिळणाऱ्या सहलीचे दर माणशी असतात. तो त्यांना पाचाने गुणतो, बाहेरच्या टॅक्सीच्या भाड्याशी ताडून पाहतो आणि "आपण आपलं जाऊ" असा निर्णय देतो. हिशेब बिनचूक असतो. फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नसते. जहाजाच्या सहलीची बस अडकली, तर जहाज बहुधा तिच्यासाठी थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या माणसासाठी ते थांबत नाही. ही माहिती त्याला सकाळी, शिडी उतरताना, रांगेतल्या एका अनुभवी माणसाकडून कळते. वाचवलेल्या पैशांचे सुख तिथेच संपते आणि घड्याळ सुरू होते.

परतण्याची शेवटची वेळ चार असते. तो कुटुंबाला ती साडेतीन म्हणून सांगतो. पत्नीला तो ओळखून असतो म्हणून तिला वेगळे बाजूला घेऊन तीन सांगतो. पत्नीने जहाजावरच्या सूचनेत चार वाचलेले असतात, पण ती काही बोलत नाही. बारा वर्षांच्या संसारात तिला त्याची सगळी घड्याळे पाठ झालेली असतात.

सामानाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. फाइलमध्ये सर्वांच्या आधार कार्डांच्या दोन-दोन झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले आणि, कारण विचारू नये, घराच्या वीजबिलाची प्रत असते. सॅकमध्ये चिवडा, तिळाची चटणी, संत्राबर्फी, मळमळीसाठी आवळासुपारी, मुलीचे दोन जादा फ्रॉक आणि आजीने गुपचूप ठेवलेला एक कांदा. कांदा लू लागू नये म्हणून. गोव्यात लू नसते हे आजीला सांगितले गेलेले असते; पण मे महिना आहे आणि घराबाहेर पडायचे आहे, एवढे तिला पुरते. जहाजाची कार्डे प्रत्येकाच्या गळ्यात लोंबत असतात. गृहस्थ दर दहा मिनिटांनी ती मोजतो. माणसे मोजत नाही. एकदा कार्डे पाच भरली आणि मूल एकच दिसले. दुसरे आपले कार्ड आजीच्या गळ्यात अडकवून टॅक्सीच्या टपावर चढायच्या बेतात होते.

सहलीचे पहिले ठिकाण आजी ठरवते, आणि ते मंगेशी असते. बंदरापासून तास-सव्वा तासाचा रस्ता. वाटेत कुठ्ठाळी लागते. मंगेशाचे मूळ स्थान हेच, कुशस्थळी. पोर्तुगिजांच्या छळामुळे १५६० च्या सुमारास भक्तांनी हा देव झुवारी ओलांडून प्रियोळला, आजच्या जागी नेला. टॅक्सीवाला हे कोकणी वळणाच्या मराठीत सांगतो. आजी खिडकीतून नदीला हात जोडते. गृहस्थही ऐकतो, पण नव्या पुलावरून जाताना त्याच्या मनात येते ते एवढेच, की देवाला चारच्या आत परत यायचे नव्हते.

देवळात आजीला अर्धा तास कमी पडतो आणि मुलांना पाच मिनिटे जास्त होतात. मुलगा सात मजली दीपस्तंभाचे मजले मोजतो, दर खेपेला आठ भरतात, म्हणून पुन्हा मोजतो. मुलीला तळ्यातले मासे दिसल्यावर ती तिथून हलत नाही. "चाल माय, बोट निघून जाईन," असे तिला सांगितले जाते. बोट निघून गेली तर आपण इथेच माशांजवळ राहू, असा अर्थ घेऊन ती कठड्याला आणखी घट्ट धरते.

जेवणाचे प्रकरण थोडक्यात आटपते. पातळ भाजी आणि उंडे येतात. गृहस्थ भाजीत तर्री शोधतो. गुलाबी सोलकढी मुलीला स्ट्रॉबेरीचे दूध वाटते, ती मोठा घोट घेते आणि तो जसाच्या तसा बाबांच्या पांढऱ्या शर्टावर परत करते. जादा फ्रॉक दोन असतात. जादा शर्ट नसतो.

परतीच्या वाटेवर जुने गोवे. बॉम जेझू चर्च १६०५ मध्ये पुरे झाले आणि १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नेमकी इथे मुलगी मांडीवर झोपते. मग "तू पाहून ये, मी बसतो" असा त्याग होतो आणि पत्नीला एकटीने दहा मिनिटे मिळतात. सबंध क्रूझमध्ये तिला एकटीला मिळालेला हा सर्वात मोठा वेळ. गृहस्थ गाडीच्या काचेतून चर्चच्या उघड्या जांभ्या दगडाकडे पाहतो आणि बांधकामातल्या जाणकारीने म्हणतो, "प्लास्टर राहिलंच आहे." ते राहिलेले नसते, १९५० च्या दशकात मुद्दाम काढले गेले, आणि तेव्हापासून पाऊस त्या दगडाला त्रास देतो आहे. म्हणजे निदान फारसे चुकलेले नसते.

शेवटी समुद्र. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जहाजावरून उतरून मुलांनी दिवसभर एकच मागणी केलेली असते: समुद्रावर जायचं. दाबोळी विमानतळाच्या पलीकडे बोगमाळोचा लहानसा किनारा आहे, बंदराच्या वाटेवरच. तिथे पंचवीस मिनिटे मंजूर होतात. दुपारचे अडीच. नागपूरकराला ऊन नवे नाही. पंचेचाळीस अंशांत तो दुपट्टा बांधून स्कूटर चालवतो. पण त्याचे ऊन कोरडे. तिथे घाम आला की वाळतो, आणि खिडकीतला कूलर पाणी उडवून खोली गार करतो तो हवेत ओलावा कमी असतो म्हणूनच. इथली हवा आधीच ओली. घाम येतो आणि राहतो. गृहस्थ पंधरा मिनिटांत हवालदिल होऊन "कूलर लावायला पाहिजे होता यायनं" असे किनाऱ्याला उद्देशून म्हणतो. यायनं म्हणजे नेमके कोणी, हे स्पष्ट होत नाही.

मुले मात्र इथे प्रथमच कामाला लागतात. मुलगा खड्डा खणतो, लाट तो बुजवते, तो पुन्हा खणतो. हे काम त्याने शाळेत कधी दाखवली नाही अशा चिकाटीने चालते. मुलगी पाण्याची रिकामी बाटली लाटेत धरते. अर्धी वाळू, अर्धे पाणी अशी ती भरते. ही घरी न्यायची आणि फुटाळ्यात ओतायची, म्हणजे तिथे समुद्र होईल. आजी साडी घोट्यापर्यंत उचलून उभी असते आणि कांदा हातात असतो. पत्नी म्हणते, "अहो, किती घड्याळ पाहून राहिले! पाण्याकडे पाहा जरा." तो पाण्याकडे पाहतो. दूरवर एक जहाज दिसते. ते आपलेच आहे आणि निघाले आहे, असा त्याचा समज होतो. ते खनिज नेणारे मालवाहू जहाज आहे हे टॅक्सीवाल्याने सांगेपर्यंत दोन्ही मुले त्याच्या काखेत आलेली असतात.

बंदराच्या फाटकावर मंडळी तीन वाजता पोचतात. तपासणीत बाटलीपाशी काम अडते. गोव्याहून जहाजावर परतणाऱ्यांच्या सामानात पाण्यासारखे दिसणारे द्रव्य सापडणे नवीन नाही. फेणी तशीच पारदर्शक असते आणि बाहेरची दारू जहाजावर नेता येत नाही. पहारेकरी बाटली उजेडात धरतो, हलवतो, वाळू वर येते. "यात काय आहे?" गृहस्थ फाइल उघडतो, पण कोणता कागद दाखवावा हे त्याला कळत नाही. "समुद्र आहे," मुलगी सांगते. बाटली सोडली जाते.

मग तासभर तो डेकच्या कठड्याशी उभा राहून उशिरा येणाऱ्यांना मोजतो. चाराला तीन मिनिटे कमी असताना एक कुटुंब पिशव्या सांभाळत धावत येते आणि शिडी चढते. त्यांच्यासाठी तो हळहळतो, पण चेहऱ्यावर दिवसातले पहिले हसू असते.

बाटली फुटाळ्यापर्यंत पोचत नाही. नागपूरला सामान उपसताना ती आजीच्या हाती लागते, आणि तीर्थयात्रेहून आलेल्या बाटल्यांच्या नियमाने देवघरात गंगाजलाच्या गडूशेजारी जाऊन बसते. वाळू खाली बसते, वरचे पाणी नितळ होते. श्रावणात सत्यनारायण होतो. आलेल्यांच्या तळहातावर पळीने तीर्थ पडते, ते ओठांना लागते आणि शेजारचे काका क्षणभर थांबून गृहस्थाकडे पाहतात. मग हात डोक्यावरून फिरवतात आणि प्रसादाचा शिरा जरा जास्त मागून घेतात.