पदरकाकू

काकूंना भेटायचं म्हणजे पदर तपासून घ्यायचा. मंगल कार्यालयाच्या दारात अंगावर गुलाबपाणी पडतंय न पडतंय तोच त्यांचा हात आपल्या खांद्याकडे येतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मायेनं पाठीवरून हात फिरवताहेत. "किती दिवसांनी गं!" म्हणता म्हणता दोन बोटांत पदराचा कोपरा धरून त्या तो उलटतात आणि पापणी लवायच्या आत निदान होतं. "छान आहे," म्हणाल्या की समजावं, यंत्रमाग. "कुठून घेतलीस?" असं विचारलं, तर हातमाग. मला आजवर "छान आहे"च मिळालंय.

यामागे शास्त्र आहे. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर नि मुनिया प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हातानं गुंतवत विणतात, त्यामुळे नक्षी मागूनपुढून सारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे धागे लोंबत असतात, नाहीतर कापल्याच्या खुणा तरी असतात. ते बांगड्यांत अडकू नयेत म्हणून हल्ली बायका मागून नेट लावून घेतात. या नेटवर काकूंचा फार राग. "नेट लावलंय म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी आहे!"

काकू नाशिकच्या. येवला तिथून दीड-दोन तासांवर, त्यामुळे पैठणीचं माहेर आपल्याच अंगणात असल्याचा थाट. विणकराच्या घरी मागाशेजारी बसून त्यांनी स्वतःची पैठणी करवून घेतली. "माझीला चार महिने लागले," हे त्या ज्या सुरात सांगतात, त्या सुरात बाकीच्या बायका बाळंतपण सांगतात.

पूर्वी पदर उलटून बघायचे कष्ट नव्हते. पैठणी दिसली की घर कळायचं. वाडा, वकिली, सराफी पेढी, असं काहीतरी मागे असणारच. मग 2004 साली टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि त्याचे सूत्रसंचालक 'भावजी' दारोदार बक्षिसाची पैठणी घेऊन निघाले. उभ्या महाराष्ट्राला कौतुक वाटलं, काकूंची मात्र झोप उडाली. पाठोपाठ दुकानांत सेमी पैठण्यांचे ढीग लागले. तीन-चार हजारांत काठ, पदर, मोर, सगळं हजर! काकूंकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मुलीच्या लग्नात मोरपंखी पैठणी नेसून उभ्या राहिल्या, तेव्हा काकूंनी आहेर दिला आणि हात आपोआप पदराकडे गेला. मावशींनी तो हात मायेनं दोन्ही हातांत धरून ठेवला. (मोरपंखी रंग मावशींना काकूंपेक्षा जास्त खुलत होता. हे मी काकूंना सांगितलेलं नाही.)

त्या दिवसापासून माणसाची पायरी ठरवायला काकूंच्या हाती उलटी बाजू तेवढी उरली.

तिथंही एकदा पंचाईत झाली. एका रिसेप्शनला एक बाई चुरगळलेल्या मलमलच्या साडीत आली. कान मोकळे, गळ्यात काही नाही. काकूंनी सवयीनं पदर उलटला. दोन्हीकडून सारखा! पण त्यावर काहीच नव्हतं. "बिचारी," असा शेरा मारून त्या पुढे गेल्या. जेवताना कळलं, कार्यालय बिचारीच्याच सासऱ्यांचं. काकूंनी जिलबी परत पाठवली.

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला मी चार सेफ्टी पिना लावून, तयारीनं गेले. पण काकू माझ्या पदराकडे फिरकल्याच नाहीत. पंगतीत शेजारी बसल्या आणि मसालेभातावर तूप पडेपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही.

"माझी साडी नीट बघ. काही वेगळं दिसतंय?"

मी निरखून पाहिलं. तीच चार महिन्यांची, वांगी रंगाची. "नाही हो काकू."

"उलटी नेसलेय!" काकू कुजबुजल्या. "फॉलसुद्धा मुद्दाम उलट्या बाजूनं लावून घेतला. सकाळपासून इथे दोनशे माणसं आहेत, एकाच्याही लक्षात आलेलं नाही."

आणि मठ्ठा घ्यायच्या आधीच पान सोडून त्या पलीकडच्या पंगतीत हे सांगायला उठल्या.