पोरगं नेमकं करतंय काय?

“काकी, जरा कंपाउंडजवळ या की. मागच्या गल्लीतल्या पोराचं स्थळ आलंय आमच्या भाचीला.”

“कळलं की मला. सकाळी दूधवाला सांगून गेला.”

“त्याला कुणी सांगितलं आणि! बरं ते जाऊ दे. बायोडेटात लिहिलंय, ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच, फुटबॉल’. दाजी म्हणतात, कंडिशनिंग म्हंजे एसी बसवतोय काय?”

“काय तरीच वैनी! आयएसएलच्या, म्हंजे इंडियन सुपर लीगच्या क्लबात हाय ते. बॉलला पाय कसा लावायचा, ते शिकवणारा हेड कोच वेगळा. ह्याचं काम खेळाडूचं अंग तयार ठेवायचं. एका मॅचला दहा-अकरा किलोमीटर पळणं होतंय, त्यात मधेच जीव खाऊन धावायचं, थांबायचं, वळायचं, परत धावायचं. आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावात परत तेच.”

“म्हंजे तालमीतला वस्तादच की.”

“आपल्या कोल्हापुरात तसं म्हणायला हरकत न्हाई. टीमांची नावंच बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. पण हे पोरगं म्हणतंय, काकी, पैलवानाचं अंग फुटबॉलवाल्याला दिलं तर अर्ध्या तासात बसंल खाली. वजन उचलायला लावतंय, न्हाई असं न्हाई, पण मॅच कधी हाय ते बघून. मॅच झाली की दुसऱ्या दिवशी हलकं-हलकं, आठवड्याच्या मधे दमवायचं आणि मॅचच्या आदल्या दिवशी परत हलकं.”

“आणि कोण दमलंय ते कळतंय कसं? सगळेच दमलो म्हणत असतील.”

“जर्सीच्या आत एक चोळीगत बिनबाह्यांचं घालतात, त्याच्या पाठीत एवढंसं जीपीएसचं यंत्र. कोण किती पळाला, किती जोरात पळाला, सगळं ह्याच्या लॅपटॉपात. चुकारपणा चालत न्हाई.”

“आमच्या ह्यांना घाला म्हणावं एक.”

“आमच्याकडच्यांची तर आधीच जिरली! ते आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून दुसऱ्याला ‘पळ, पळ’ म्हणणारं माणूस. दिवाळीत पोरगं फराळाला आलं होतं. म्हणालं, काका, हॅमस्ट्रिंगचा एक व्यायाम दाखवतो. गुडघ्यावर बसवलं, मागनं घोटे धरले आणि म्हणालं, आता अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुका. हे गेले की धप्पकन नाकावर! नॉर्डिक म्हणतात त्याला. साधा दिसतोय, पण नेमानं केला तर मांडीच्या मागच्या दुखापती निम्म्यावर येतात म्हणं. फुटबॉलात सगळ्यात जास्त तीच दुखापत होते.”

“मग नाव होत असंल की पोराचं.”

“तिथंच तर गोम हाय, वैनी. गोल मारणाऱ्याचा फोटो छापून येतोय. ‘आज कुणाचा पाय दुखावला न्हाई’ अशी बातमी बघितलीय कधी? आणि एखादा लंगडला की पहिली बोंब ह्याच्या नावानं.”

“शिव्याच खायच्या म्हणा की.”

“खेळाडू तर देतातच. त्यानंच सांगितलं, इटलीचा व्हेंट्रोने म्हणून एक होता. युव्हेंटसनं 1996 साली चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा त्यांचा फिटनेस त्याच्याकडं. सरावात एक घंटा ठेवायचा आणि ज्याला झेपंना, त्यानं सगळ्यांसमोर ती वाजवायची. त्याच टीममधला कोन्ते पुढं टॉटनहॅमचा कोच झाला, तर त्यानं 2021 मध्ये व्हेंट्रोनेलाच बोलावून घेतलं. 2022 च्या जुलैत दक्षिण कोरियात, सोलच्या उकाड्यात टीमला एवढं पळवलं, की हॅरी केन ओकला आणि सॉन मैदानात आडवा झाला.”

“आई गं! मारायला उठली असतील पोरं.”

“ऑक्टोबरात वारला हो तो. दोन दिवसांनी ब्रायटनशी मॅच होती. केननं गोल मारला, एक-शून्यनं जिंकले आणि सगळी टीम त्याच्या नावाची जर्सी घेऊन मैदानात उभी. घाम काढणाऱ्यावर जीव लावतात वैनी, पण उशिरा कळतंय.”

“ते खरं हो. पण पगाराचं काय? दाजी पहिलं तेच विचारणार.”

“क्लबाच्या नोकरीत पगार वाईट न्हाई. सुरुवातीला मात्र बीपीएड करून फुकटात राबलंय ते, कोन मांड, बाटल्या भर, असली कामं. आता करार हाय, पण हंगामापुरता. हेड कोचला नारळ दिला की त्याच्याबरोबर ह्याचंही चंबूगबाळं उचलायचं. 2025 च्या जुलैत आयएसएलच पुढं ढकलली, काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा त्याची आई इथंच उभी राहून रडत होती. मी कुणाला बोलले न्हाई हं.”

“न्हाई, तुम्ही कशाला बोलताय! मग काय सांगू दाजींना?”

“सांगा, पोरगं निर्व्यसनी हाय, रात्री दहाला झोपतंय, तेलकट खात न्हाई. घर मात्र दर दोन वर्षांनी बदलंल, आज गोव्यात तर उद्या गुवाहाटीत. तेव्हा स्थळ चांगलं हाय, बिनधास्त बघा, पण भाचीनं स्वतःची नोकरी सोडायची न्हाई, हे बोलणीतच ठरवून घ्या.”