एका गणपतीत साउंड रेकॉर्डिस्ट

लालबाग-परळमध्ये व्हिडिओवाल्यांची वानवा नाही. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला जोडलेल्या हातांपेक्षा उगारलेले मोबाइल जास्त दिसतात. अशा गर्दीत नाव काढायचं तर साउंडमध्ये शिरा. चित्र हललं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. आवाज फाटला तर लोक आपापल्या मोबाइलच्या स्पीकरला शिव्या घालतात. इतकं सुरक्षित क्षेत्र दुसरं नाही. लागा कामाला.

१. यंत्र घ्या. लॅमिंग्टन रोडला जा. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसला तर घाबरू नका, बरोबर आलात.) खिशात मावणारा झूम किंवा टॅस्कम मागा. ‘थर्टी-टू बिट फ्लोट आहे, आवाज फाटतच नाही,’ असं काउंटरवरून सांगतील. मान डोलवा. फ्लोटमध्ये फाटत नाही ती फक्त नोंद. ताशाच्या तोंडाशी माइकच हात टेकतो, आणि तिथे फाटलेलं कितीही बिटांत साठवलं तरी फाटलेलंच. पण एवढं बोलून दुकानदाराचा हिरमोड कशाला करा?

२. हेडफोन गळ्यात घाला. कानाला लावू नका. लावलात तर केबल खरखरतेय हे जागेवरच कळेल, आणि मग काहीतरी करावं लागेल. गळ्यातल्या हेडफोनला बंदोबस्तातले पोलीससुद्धा वाट देतात.

३. लेव्हल लावा. पडद्यावर वजा आकडे दिसतील. जाणकार सांगतात, मोठ्यात मोठा ठोका वजा बाराच्या आसपास ठेवा. शून्य म्हणजे छत, त्यावर गेलेला आवाज सपाट कापला जातो. पण वजा आकडा पाहून पासबुकाची आठवण येते, म्हणून थेट शून्याला भिडवा. आणि हे काम बेंजो पार्टी अजून हातगाडीवर तारा जोडत असताना उरका. समोरून दुसरं मंडळ आलं की तिचा आवाज दुप्पट होणार, हे अख्ख्या लालबागला माहीत असतं. तुमच्या यंत्राला नसतं. कंटाळा आला तर सरळ ‘ऑटो’ करा. ढोल पडला की यंत्र दचकून खाली बसतं, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जनरेटर डोकं वर काढतो. मिरवणूकभर हे असंच चालतं: ढोल, जनरेटर, ढोल, जनरेटर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तेवढाच आवाज वाटेत कुठे सापडला तर आवर्जून रेकॉर्ड करा, दुर्मीळ आहे.

४. लाल बटण एकदाच दाबा. ही पायरी नीट शिका, कारण याच पायरीवर भलेभले नावारूपाला आले आहेत. झूमच्या एच-फोर-एनसारख्या यंत्रात पहिल्यांदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो. याचा अर्थ यंत्र सज्ज आहे, रेकॉर्डिंग सुरू नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिरावतो आणि आकडे पळू लागतात. पण लुकलुकणाऱ्या दिव्यात जी लगबग दिसते ती स्थिर दिव्यात कुठून येणार? तेव्हा पाडव्याला गिरगावात फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघाली की बटण दाबा. लेझीम, ढोलपथक, नऊवारीतल्या बुलेटस्वार बायका, सगळं डोळे भरून पाहा. शेवटी ‘बंद’ करण्यासाठी पुन्हा दाबा आणि यंत्र खिशात घाला. रेकॉर्डिंग आता सुरू झालं. टॅक्सीवाल्याशी झालेली हुज्जत आणि घरी पोहोचल्यावर ऐकून घ्यावं लागलेलं सगळं उत्तम स्टिरिओत मिळेल.

५. टाळी द्या. कॅमेऱ्याचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवतात. चित्रातले हात आणि आवाजातलं टोक एकावर एक बसवायचं. ही टाळी आरतीत द्या.

६. नाटकाला जा. आगमनावर नाव झालं की एखादी हौशी संस्था तुम्हाला दादरच्या शिवाजी मंदिरात बोलावेल. छोट्या रेकॉर्डरचा खरा उपयोग इथेच: कॅमेरा मागे राहू द्यायचा आणि यंत्र रंगमंचाजवळ नेऊन ठेवायचं. तुम्ही ते कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवा. नायिकेच्या हुंदक्याबरोबर लेन्सची घरघर येईल, शेजारच्या काकूंचा ‘ही मालिकेतली ना गं?’ हा प्रश्न येईल, मध्यंतरात वड्याचा कागद येईल. कुणी आग्रहच धरला आणि यंत्र पुढे ठेवावं लागलं, तर हताश होऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि व्हिडिओची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे कॅमेरा जेवढा मागे, तेवढा त्याच्यापर्यंतचा आवाज उशिरा, दर चौदा मीटरला जवळजवळ एक फ्रेम. आता रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी तंतोतंत जुळवा. चांगला आवाजही उशिरा येईल आणि ओठ आधी हलतील. दोष नटांवर जाईल.

७. साउंडवाल्याकडून वायर मागा. दिवाळी पहाटेला हे फार शोभतं. तो मिक्सरची एक वायर देईल. मिक्सरचा सिग्नल माइकच्या कितीतरी पट दांडगा असतो, म्हणून रेकॉर्डरवर ‘लाइन’ निवडायचं असतं. तुम्ही ‘माइक’च राहू द्या. गायिकेचा पहिला षड्जच करवतीसारखा निघेल. चुकून ‘लाइन’ निवडलं गेलं तरी आशा आहे: मिक्सरमधून तेवढंच येतं जे माइकसमोर आहे, त्यामुळे रसिकांची दाद अजिबात येत नाही आणि मैफल रिकाम्या सभागृहात झाल्यासारखी वाटते. दुसऱ्या दोन ट्रॅकवर यंत्राच्या स्वतःच्या माइकांनी सभागृह टिपता येतं. येऊ द्या की, आपल्याला काय.

८. पावसाची सोय करा. गणपती म्हणजे भाद्रपद. यंत्राला प्लास्टिकची पिशवी घाला.

९. सेलचा विचार सोडा. पेन्सिल सेल काही तास टिकतात. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला निघतो तो दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर. २०२५ साली तर दुसऱ्या दिवसाचीही रात्र झाली. सेल बदलायचेच झाले तर रेकॉर्डिंग न थांबवता उपटा. फाइल अर्धवट राहते, बहुतेकदा उघडतच नाही, आणि ‘कार्ड करप्ट झालं’ हे वाक्य कुठल्याही अध्यक्षांना पटतं.

१०. एडिट करा. इथवर मन लावून आला असाल तर वापरण्याजोगा आवाज उरलेला नसेल. अजिबात वाईट वाटून घेऊ नका. इंटरनेटवरून ढोल-ताशाचा एक तयार ट्रॅक उतरवून घ्या आणि सगळ्या चित्राखाली अंथरा. पडद्यावर लेझीम चालू आहे, बेंजोवाला बोटं फिरवतोय, मध्येच रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी सगळे गप्प उभे आहेत, तरी ढोल वाजत राहू द्या. मंडळाच्या ग्रुपवर अंगठे पडतील. मग बिल पाठवा, आणि त्यात ‘लाइव्ह साउंड’ वेगळं लावायला विसरू नका.